रायफल निवडताना : खटक्याचा वेग आणि नेमाची घाई

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, उत्सवाच्या चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आयुष्य भट्टीसमोर गेलं. मूस, तेजाब आणि टंच यांपलीकडे मला फारसं कळत नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तरीही अध्यक्षांनी आग्रह केला, "अण्णा, बंदुकीवर तुम्हीच बोला. आपल्यात त्या वाटेला जाऊन आलेले तुम्ही एकटेच." जाऊन आलो हे खरं, पण पदक घेऊन नव्हे, चटका घेऊन आलो. तोच आज तुमच्यासमोर मांडतो.

विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. वडील शिक्षक, स्वतः तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. त्या दिवशी इथे पापनाशमच्या बाजारात आम्ही पेढे वाटले, तर शेजारचे तमिळ दुकानदार विचारू लागले, "सेठ, घरात लग्न आहे का?" मी म्हटलं, "आमच्या गावाकडच्या पोराने मेडल आणलंय." माझं गाव खानापूर तालुक्यातलं, कांबळवाडी तिथून बरीच लांब. पण इतक्या लांबून पाहिलं की सांगली-कोल्हापूर एकच गाव होतं.

तेव्हापासून आपली मुलं रायफलच्या मागे लागली आहेत. त्यातला एक मुलगा, नाव घेत नाही, इथेच समोर बसला आहे. त्याचे वडील आपल्यापैकीच एकाच्या पट्टरैत कामाला आहेत. एनसीसीच्या शिबिरात त्याने चांगला नेम मारला. मग त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. बर्फावर घसरत आलेला खेळाडू पाठीवरची रायफल काढतो आणि नुसत्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या हालचालीने धडाधड पाच गोळ्या मारतो. "काका, घ्यायची तर हीच!" असं त्याने सांगितलं आणि गेल्या महिन्याच्या बैठकीत ठराव आला की, मंडळाच्या शिलकीतून आणि थोडी वर्गणी काढून त्याला तशी 'स्ट्रेट-पुल' रायफल घेऊन द्यावी. मी विरोध केला. काहींना राग आला. "अण्णांची पोरगी खेळली, आता दुसऱ्याच्या पोराला नको म्हणतात," असंही कानावर आलं. म्हणून आज जाहीरपणे बोलतो.

आधी ही स्ट्रेट-पुल म्हणजे काय ते समजून घेऊ. नेहमीची बोल्टची रायफल म्हणजे आपल्या जुन्या दाराचा अडसर. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, पुन्हा खाली पाडायची. चार हालचाली. ओढताना रिकामं काडतूस बाहेर पडतं, ढकलताना नवं आत जातं, आणि दांडी खाली पडली की कुलूप लागतं. स्फोटाचा दाब मागे येऊ नये म्हणून हे कुलूप पक्कं लागावं लागतं. स्ट्रेट-पुलमध्ये वर-खाली काही नाही. टेबलाच्या खणासारखं सरळ ओढायचं, सरळ ढकलायचं. दोनच हालचाली, कुलूप आपोआप लागतं. जर्मनीच्या अ‍ॅन्शुट्झ कंपनीच्या १८२७ फोर्टनर या बायथलॉन रायफलमध्ये ते छोट्या पोलादी गोळ्यांनी लागतं. तर्जनीने ओढायचं, अंगठ्याने ढकलायचं. रशियात इझेव्हस्कला बनणारी बायथलॉन ७ दुमडत्या सांध्यावर चालते. शिकारीसाठी जर्मनीच्याच ब्लेझर कंपनीची आर-९३ आणि नंतरची आर-८ प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने मोठ्या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफली बंद झाल्या, तेव्हा तिथल्या नेमबाजांनीही सरळ ओढीच्या रायफली जवळ केल्या.

कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १८९५ साली मानलिखरची स्ट्रेट-पुल घेतली. स्वित्झर्लंडने १८८९ पासून आणि पुढे १९३१ च्या के-३१ या नमुन्यात तीच पद्धत ठेवली, आणि तिथले हौशी नेमबाज अजूनही तीनशे मीटरवर ती के-३१ मारतात. पण कॅनडाची गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात त्यांचे सैनिक सर चार्ल्स रॉस याने बनवलेली स्ट्रेट-पुल रायफल घेऊन फ्रान्स-बेल्जियमला गेले. निशाण्याच्या मैदानावर ती रायफल अव्वल होती. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत खंदकातला चिखल आणि ब्रिटिश कारखान्यांची काडतुसं तिला मानवेनात. बोल्ट अडकू लागले. सैनिक बुटाच्या टाचेने दांडी ठोकत होते, आणि पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलून लढत होते. १९१६ मध्ये ती मागे घेतली गेली. गंमत अशी, की लपून नेम साधणाऱ्या काही निवडक नेमबाजांनी रॉस सोडली नाही, कारण अचूकपणात तिला तोड नव्हती. रायफल तीच होती, काम बदललं तशी एकाला नकोशी झाली, दुसऱ्याला हवीशी वाटली.

आता आपल्या मुलाने पाहिलेला बायथलॉनचा खेळ घ्या. त्यात घड्याळ चालू असतं. घसरत येऊन धाप लागलेल्या अवस्थेत ५० मीटरवरची पाच लक्ष्यं पाडायची. झोपून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने ११५ मिलिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षा थोडं लहान. जितक्या चुका तितक्या दीडशे मीटरच्या फेऱ्या, निदान बहुतेक शर्यतींत. तिथे प्रत्येक सेकंद मोलाचा, म्हणून तिथे स्ट्रेट-पुल हवी.

स्वप्निलचा खेळ वेगळा. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने प्रत्येकी वीस, अशा साठ गोळ्या. पॅरिसच्या पात्रता फेरीत त्यासाठी दीड तास होता, म्हणजे एका गोळीला दीड मिनिट. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं, तर १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं, ५० मीटरवर. बोल्टच्या दोन हालचाली वाचवून गोळीमागे एक-दीड सेकंद वाचेल. तो घेऊन करायचं काय? पात्रता फेरीत स्वप्निल ५९० गुणांनी सातवा आला. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभ्याने मारताना तिसरा, एकूण ४५१.४. घाई केली असती तर तो वर चढला नसता.

सरळ ओढीचा एक फायदा या खेळातही आहे, तो मी लपवणार नाही. झोपून किंवा गुडघ्यावर बसून मारताना मनगट कमी हलतं, त्यामुळे जमवलेली बैठक कमी मोडते. पण खास नेमबाजीसाठी बनवलेल्या चांगल्या रायफलचा नेहमीचा बोल्टही इतका हलका आणि आखूड असतो की, सरावाने तो फरक जवळजवळ राहत नाही.

हे सगळं मला आज कळतं. २०१७ साली कळत नव्हतं.

माझी थोरली मुलगी कुंभकोणमच्या कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवायला शिकली. शिबिरातून आली तेव्हा लक्ष्याचा कागद घेऊन आली. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. तो कागद मी दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला. मग चेन्नईच्या फेऱ्या सुरू झाल्या. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने बाप-लेक निघायचो, शनिवार-रविवार सराव, सोमवारी सकाळी पापनाशम स्टेशनवर उतरून मी थेट भट्टी पेटवायचो. ती क्लबची रायफल मारायची. मला वाटायचं, दुसऱ्याच्या हत्याराने पोरगी कुठवर जाणार? बापाने काहीतरी केलं पाहिजे.

तेवढ्यात उत्तरेकडच्या एका शहरातल्या परवानाधारकाकडे जुनी स्ट्रेट-पुल विकाऊ असल्याचं कळलं. मी ती चित्रफितीत पाहिली आणि भाळलो. गावाकडे विहिरीसाठी साठवलेले पैसे होते, त्यातला दीड लाख बयाणा म्हणून देऊन टाकला. कोणाला विचारलं नाही. मुलीलाही नाही. सोन्याचा तुकडा हातात आला तर आपण कसोटीवर घासल्याशिवाय भाव बोलत नाही, आणि इथे मी वस्तू न पाहता पैसे मोजले!

पुढे काय झालं ते क्रमाने सांगतो. मुलीच्या नावचा परवाना अजून आलेला नव्हता. आपल्यासारख्यांचा मूळ पत्ता सांगलीचा, राहणं तंजावर जिल्ह्यात. मी गावाकडून कागद जमवत बसलो, आणि अर्ज करायचा होता तो राहत्या जिल्ह्यात, इथल्या कलेक्टर कचेरीत. चार महिने त्यात गेले. मधल्या काळात विकणाऱ्याने एकदा रायफल चेन्नईच्या सरावाला आणली. ती त्याच्या देहाच्या मापाची होती, सहा फुटी माणसाची. माझ्या मुलीचा गाल दस्त्यावर नीट टेकेना, घोड्यापर्यंत बोट ताणावं लागे. क्लबच्या रायफलने येत होते त्यापेक्षा कमी गुण आले. प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुम्हाला किती सेकंद वाचवायचे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही.

व्यवहार मोडला. बयाण्यातले अर्धे पैसे वर्षाने परत आले, अर्धे गेले. ते एक वेळ सोसलं. पण मुलीने चेन्नईला यायचंच बंद केलं. अभ्यास आहे, परीक्षा आहे, अशी कारणं. वर्षभर मी समजत होतो की तिचं मन उडालं. शेवटी एका गौरी जेवणाच्या दिवशी, पानं वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, नेम धरला की मला तुमची भट्टी दिसायची. एक गोळी चुकली की वाटायचं, विहीर एक हात कमी खणली गेली."

मंडळी, माझ्या हातून चुकलं ते हे. पैसे बुडाले ते कमावले. पण पोरीच्या खांद्यावर मी जे ठेवलं, ते कुठल्याच काट्यावर मोजता येणारं नव्हतं.

पुढे ती परत खेळू लागली, क्लबच्याच रायफलने. राज्य स्पर्धेपर्यंत गेली, पदक नाही मिळालं. आज बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना शिकवते. आजच्या भाषणातलं जे काही शास्त्राचं आहे ते तिनेच मला फोनवर पाठ करून घेतलं आहे.

आता कामाचं बोलतो. ज्यांच्या मुलांना या वाटेला जायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पहिलं, हत्याराचा परवाना माणसाच्या नावाचा असतो. गणपती मंडळाने वर्गणी काढून मुलाच्या हाती रायफल देता येत नाही. सर्वसाधारण परवान्याला २१ वर्षं पूर्ण लागतात. लहान नेमबाजांनी क्लबच्या देखरेखीखाली शिकण्याचे वेगळे नियम आहेत, ते क्लबकडूनच समजून घ्यावेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. नामवंत खेळाडूंना सवलत आहे. परदेशी रायफल आणण्याची वाटही राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नियमांतून, खेळाडूच्या दर्जाप्रमाणे जाते. अशा आणलेल्या हत्याराच्या पुढच्या विक्रीवरही बंधनं असतात, म्हणून जुनी घेताना आधी कागद, मग पैसा.

दुसरं, सुरुवात १० मीटर एअर रायफलने करावी. तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. २० जूलच्या आतल्या ताकदीच्या अशा रायफलला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. आणि सोपी समजू नका. तिच्यातलं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. सिडनीला २००० साली आपल्या अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या, त्या याच प्रकारात.

तिसरं, रायफल अंगाला बसली पाहिजे. दस्त्याची लांबी, गालाची पट्टी, खांद्याचा आकडा, सगळं हलवून बसवता येतं का ते पाहावं. मुलं वाढीची असतात, आज बसलेली पुढच्या वर्षी बसत नाही. मुलगा डावखुरा असेल तर बोल्ट कोणत्या बाजूला, हे आधी विचारावं.

चौथं, घोडा. तो हलका आणि दरवेळी एकाच जागी सुटणारा हवा. नेमबाजीत बोल्टपेक्षा घोड्याचं महत्त्व जास्त.

पाचवं, नळी आणि गोळी यांची जोडी जमली पाहिजे. हे आपल्या लोकांना लगेच कळेल. पॉइंट टू-टूच्या गोळ्या एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या असल्या तरी प्रत्येक घाणीची जात थोडी वेगळी निघते, आणि एखाद्या नळीला एक घाणी मानवते, दुसरी नाही. म्हणून रायफल घट्ट बसवून वेगवेगळ्या घाणी मारून पाहतात, आणि जी एकाच भोकात जास्त जाते ती साठवतात. एकदाच पाच गोळ्या मारून निर्णय करायचा नाही. लगडीच्या एका टोकाचा टंच काढून आपण सोनं घेतो का? दोन्ही टोकांचा आणि मधला काढतो. तसंच.

सहावं, रायफल एकदा घेतली की खर्च संपत नाही, तिथून तो सुरू होतो. गोळ्या, जाकीट, प्रवास, दुरुस्ती. स्ट्रेट-पुलचा बारीकसा भाग मोडला तर तो कुठे मिळेल, दुरुस्त कोण करेल, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. ज्या रायफली आपल्या क्लबात चार जण वापरतात, त्यांचे भाग आणि जाणकार दोन्ही मिळतात.

एवढ्या सगळ्यांनंतर, सातव्या क्रमांकावर, बोल्ट कसा उघडतो हा प्रश्न येतो. उद्या आपला कोणी मुलगा सैन्यात जाऊन गुलमर्गच्या बर्फावर बायथलॉन खेळू लागला, तर त्याला स्ट्रेट-पुलच लागेल, आणि मी स्वतः पेढे वाटीन. पण कावेरीच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही.

आपल्या तिरुप्पालैतुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं विटांचं धान्यकोठार आहे. पाहुणे आले की आपण दाखवायला नेतो. गोल, वर निमुळतं. कोणी म्हणत नाही की हे देवळासारखं का दिसत नाही. भात साठवायला बांधलं, भातासाठी योग्य बांधलं, म्हणून चारशे वर्षं उभं आहे. हत्याराची निवडही अशीच कामावरून करायची.

आता माझी सूचना. बैठकीतला ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी मंडळाने तीन वर्षांसाठी छोटा निधी बाजूला काढावा. आता तिरुच्चीला रायफल क्लब आहे. २०२२ साली तिथेच झालेल्या राज्य स्पर्धेत सिनेनट अजितकुमार उतरले होते, हे इथल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चेन्नईइतकं लांब जायला नको. निधीतून क्लबची फी, गाडीभाडं आणि जाकिटाचा खर्च द्यावा. एका मुलापुरता नव्हे, ज्याची इच्छा असेल त्याला, मुलगा असो वा मुलगी. पहिली देणगी म्हणून माझे परत आलेले पंचाहत्तर हजार रुपये मी आज खजिनदारांकडे देतो. ते ज्या कामासाठी निघाले होते, त्याच कामाला लागावेत.

आणि एक अट. या निधीतून गेलेल्या मुलाला कोणीही, कधीही, "मंडळाने तुझ्यावर इतके खर्च केले" असं म्हणायचं नाही. पदक आलं तर पेढे, नाही आलं तरी आरतीला तो पुढे. हे लिहून ठेवा. स्वप्निलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ साली अथेन्सला याच प्रकारात खेळल्या, तिथे पदक मिळालं नाही. वीस वर्षांनी त्यांच्या शिष्याने ते आणलं. त्यांच्या हातचं शिक्षण वाया गेलं का?

पोरा, तू समोर बसला आहेस. तुझा नेम चांगला आहे, हे मी तुझा कागद पाहून सांगतो. तुझ्या डोळ्यांत मला ती बोटाने झटकन ओढायची रायफल दिसते. राहू दे. अजून काही वर्षं चार हालचालींची मार. दांडी उचल, ओढ, ढकल, पाड, आणि मग एक श्वास घे. तो श्वास घ्यायला वेळ आहे तुझ्याकडे. दीड मिनिट आहे.

माझ्या वेड्यावाकड्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर लहान-थोरांनी सांभाळून घ्यावं. 

गणपती बाप्पा मोरया!